कणगीतला गाळ

भाद्रपद सरत आला, शेतात भात पोटरीला आलं, लोंब्या अजून आतच, म्हणजे घरातली धान्याची कणगी रिकामी असायचे दिवस. गणूच्या घरात मात्र त्या वर्षी कणगी भरलेली होती, आणि तीही खाडीच्या चिखलानं. बारा बाटल्या, प्रत्येकीत चार बोटं काळा गाळ, वर खाडीचंच पाणी, आणि बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर अक्षदाचं बारीक, नीटस अक्षर.

अक्षदा ही गणूची मोठी मुलगी. आटगाव स्टेशनापासून वीस मिनिटं चालत गेलं की त्यांचं घर. तिथून ती रोज कल्याणच्या कॉलेजात जायची. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, वर्ष शेवटचं. कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला निघालं आणि विषय शिकवणाऱ्या घरत मॅडमनी मुलांना सांगितलं, ज्याला जमेल त्यानं आपापल्या बाटल्या घरी ठेवा. अंधारी जागा हवी आणि ऊन लागता कामा नये. असली जागा शहरातल्या मुलींनी कुठून आणायची? अक्षदाकडे ती होती. मागच्या जुन्या मातीच्या खोलीत शेणानं सारवलेली कणगी होती. दुपारी बारालाही तिच्यात हात घातला तर गार लागायचा.

"भाताच्या जागी घाण भरलीस," तिची आई कमळ पहिल्या दिवशी म्हणाली. "लक्ष्मीला काय वाटंल?"

"लक्ष्मीला अठ्ठावीस दिवस कळ काढायला सांग."

आईची समजूत अशी एका वाक्यात निघाली. बाबांची मात्र तिनं हौसेनं काढली. गणू त्या वेळी दारात उभा होता. कोविडच्या दुसऱ्या वर्षी एकोणीस दिवस दवाखान्यात काढून आल्यापासून तो असाच दाराला टेकून उभा राहायचा. बांध चढला की त्याच्या छातीतून शिट्टी वाजायची, आणि मग ती वाजलीच नाही असं दाखवायला तो बैलांना शिव्या द्यायचा. पोरगी काय करते ते बघायची त्याला हौस होती. अक्षदानं त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. ह्या सहा बाटल्यांना कापसाचा बोळा, म्हणजे आत हवा जाते. ह्या सहांना फिरकीचं घट्ट झाकण. त्यांतली हवा कॉलेजातच काढून टाकलेली. गाळात लाखो जिवाणू आहेत. हवा कमी झाली की त्यांची वाढ किती खुंटते, ते मोजायचं.

"लाखो जीव?" गणू म्हणाला.

"लाखो काय, कोटी."

"आणि हवा नाय."

"नाय. हवा गेली तर कळतं पण. बघा." तिनं एक जास्तीची बाटली उघडली. सगळ्या बंद बाटल्यांसारखेच तिच्याही पाण्यात एका औषधाचे थेंब टाकलेले होते. हवा नसली तर पाणी बिनरंगी राहतं, आणि हवा लागली की गुलाबी होतं. दोघं बापलेक बघत बसले आणि पाण्याच्या वरच्या थरावर हळूहळू गुलाबी झाक धरली. गणूनं ती बाटली हातात घेतली ती लवकर खाली ठेवली नाही.

"आणि हे असे किती दिवस कोंडायचे?"

"अठ्ठावीस."

तो पुन्हा त्या घट्ट झाकणांकडे बघू लागला. अक्षदाला वाटलं, बाबांना विषय आवडला. शिकलेल्या मुलांना असं पुष्कळ काही वाटत असतं.

दर शनिवारी कणगीतून एक बोळ्याची आणि एक झाकणाची अशा दोन बाटल्या कॉलेजात जायच्या. तिथं गाळाचा कण पातळ करून काचेच्या बशीत पसरायचा, दोन दिवसांनी बशीवर उगवलेले ठिपके मोजायचे. जितके ठिपके, तितके जिवाणू जिवंत. पहिल्या शनिवारी बंद बाटलीतले ठिपके थोडे निघाले. पुस्तकात लिहिलंय तसंच. दुसऱ्या शनिवारी ते उघड्या बाटलीच्या जवळजवळ बरोबरीला आले. तिसऱ्या शनिवारी पुढे गेले.

घरत मॅडमनी बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि स्वतः पुन्हा मोजलं. मग चष्मा काढला.

"अक्षदा, हे नवीन आहे. हवा नसताना एवढी वाढ? ह्या गाळात काहीतरी वेगळं आहे."

त्या दिवसापासून पोरीच्या पायाला भिंगरी लागली. मॅडमनी मुंबईच्या एका परिषदेत तिचं नाव दिलं. येत्या शनिवारनंतरच्या आठवड्यात होती ती. किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेची माणसं तिथं येणार होती, आणि खाड्यांच्या गाळावरच्या कामासाठी त्यांना दोन मुलं हवी होती. "तुझं हे बघितलं तर ते तुला तिथंच उचलतील," मॅडम म्हणाल्या. समुद्रावरची नोकरी! शहापूर तालुक्यातल्या पोरीनं समुद्र पाहिला होता तो सहलीत, दोनदा. पण जी खाडी ती बाटलीत भरून आणत होती तिच्यात भातसा नदीचंच पाणी उतरत होतं. काळू, मग उल्हास नदी धरत तिच्या गावचं पाणी जिथं जातं तिथं आपणही जावं, ह्यात तिला काही चूक दिसत नव्हतं.

तिला जेवण जाईना, एका जागी बसवेना. दिवसातून चार वेळा ती कणगीत डोकावायची. पाणी बिनरंगी आहे, हे बघून आली की दहा मिनिटांत पुन्हा शंका यायची. बुधवारी मॅडमनी एक कागद पुढं केला. बाटल्या पूर्ण मुदतीत हवाबंद होत्या, असं तिच्या सहीनं लिहून हवं होतं. परिषदेचा नियम.

"बंद होत्या ना नक्की?" मॅडमनी सहज विचारलं.

"हो," अक्षदा म्हणाली आणि सही शनिवारी करते म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाही कळलं नाही.

गाडीत बसल्यावर कळलं. सकाळी कणगीवर झाकलेलं सूप उचललं तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला होता. खाडीच्या गाळाचा तो वास. बोळ्याच्या बाटल्यांचा वास पंधरवड्यातच उडून गेला होता. मग हा कुठून आला? बंद बाटलीला वास सुटत नाही.

घरी येऊन तिनं आईलाच धरलं.

"तू कणगीत हात घातलास?"

"मी? तुझ्या त्या गटारात?" कमळ भाकरी थापता थापता थांबली. "मेली असती तरी हात नसता लावला. मांजर गेलं असंल."

"मांजर झाकण फिरवतं?"

"तुझ्या बाटल्यांच्या नादानं तू आता मांजराला पण कामाला लावशील."

आई खोटं बोलताना हसते. ती हसली नव्हती. अक्षदानं उरलेल्या तीन बंद बाटल्या बाहेर काढल्या आणि पेननं प्रत्येकीवर एक बारीक रेघ ओढली. अर्धी झाकणावर, अर्धी बाटलीच्या गळ्यावर. झाकण जरा जरी फिरलं तर रेघेचे दोन तुकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. मितालीला तिनं फोनवर सांगितलं. मिताली तिची कॉलेजातली जोडीदारीण, डोंबिवलीची, डोक्यानं तल्लख आणि मनानं एकदम मोकळी.

"वेडी आहेस का?" मिताली म्हणाली. "सही कर आणि मोकळी हो. तुझ्या कणगीत बघायला कोण येतंय?"

"मी बघितलं ना."

"मग बघू नकोस."

सल्ला वाईट नव्हता. जगातली पुष्कळ माणसं त्यावर सुखानं जगतात. पण अक्षदानं शुक्रवारी सकाळी बघितलंच, आणि तिन्ही बाटल्यांवरच्या रेघा सरकलेल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्याच, पण सरकलेल्या.

त्या दिवशी ती कॉलेजातून दुपारच्याच गाडीनं निघाली. घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आई शेजारच्या गिरजाकाकीकडे गेली होती. चपला हातात घेऊन अक्षदा मागच्या खोलीच्या दाराशी आली, तर आत मोबाइलचा उजेड होता.

गणू पाटावर बसला होता. मांडीवर झाकण, हातात बाटली. दुसऱ्या हातानं मोबाइलची बॅटरी बाटलीच्या मागं धरलेली. छातीतली शिट्टी सावकाश वाजत होती, आणि तो दूध उतू जायची वाट बघावी तसा त्या पाण्याकडे टक लावून बघत होता.

"बाबा!"

तो दचकलाही नाही. "थांब, थांब," तो म्हणाला. "येतोय रंग. पयला वर येतो, मंग खाली उतरतो. बघ."

"काय करताय तुमी?"

"जरा हवा दिली त्यांना. तिसऱ्या दिवसापासनं रोज देतो. जास्त नाय, पाच मिनिट. मंग लावतो झाकण घट्ट, तुला लागतं तसं." त्याच्या तोंडावर शाबासकी मिळावी अशी खात्री होती. "दवाखान्यात ती सिस्टर यायची ना, ती बोटाचं नख दाबून बघायची. निळं असलं तर तिचं तोंड उतरायचं. गुलाबी झालं की म्हणायची, काका, आला बघा रंग, आता वाचलात. तू पयल्या दिवशी बाटली उघडलीस, तवाच मी म्हटलं, हे तर तेच."

अक्षदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीन आठवडे, रोज पाच मिनिटं! तिचा तो नवा शोध, मॅडमनी उजेडात धरलेली बशी, समुद्रावरची नोकरी, सगळं ह्या पाटावर बसून एका माणसानं झाकण फिरवून केलं होतं. बंद बाटलीत वाढ झाली होती, कारण ती बाटली बंद नव्हतीच. झाकण लागलं की गाळ तासाभरात ती हवा खाऊन टाकायचा, म्हणून तिला दर वेळी पाणी बिनरंगीच दिसत होतं.

"मारलंत तुमी मला," ती ओरडली. "मला मारलंत आणि त्यांना पण मारलंत! त्यांना हवा चालत नाय, बाबा. ती जन्मापासून बिनहवेची आहेत. हवा लागली की मरतात. तुमी रोज त्यांना वाचवत नव्हता, रोज थोडे थोडे मारत होता!"

हे अर्धंच खरं होतं. गाळात दोन्ही जातीचे असतात, हवेवाचून जगणारे आणि हवेवर पोसणारे. पहिल्यांतले मेले, दुसरे त्या पाच पाच मिनिटांवर माजले, म्हणून तर ठिपके वाढले होते. पण रागात माणूस आपल्या सोयीचं अर्धं उचलतो आणि फेकून मारतो.

गणूच्या तोंडावरचा रंग गेला. त्यानं झाकण उचललं, बाटलीला लावलं, दोनदा घट्ट फिरवलं. बाटली कणगीत जागच्या जागी ठेवली. मग भिंतीला धरून उठला आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेला. रात्री तो जेवला नाही. कमळनं कारण विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाय.

शनिवारी सकाळी अक्षदा निघाली तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. ती त्याच्यासमोरून गेली. बोलली नाही. राग अजून पोटात होता.

गाडीत तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला. सही केली तर कुणाचं काय बिघडणार होतं? गाळ काही साक्ष द्यायला येणार नव्हता. बाबा तर मुळीच नाही. समजा संस्थेनं तिला घेतलं, समजा त्यांनी हाच प्रयोग पुन्हा मांडला आणि आकडे निघाले नाहीत, तर म्हणता आलं असतं, गाळ वेगळा, हंगाम वेगळा. असं म्हणणारे शास्त्रज्ञ तिनं वाचलेले होते. टिटवाळा येईपर्यंत मनात तिनं सही केलेली होती, आंबिवली येईपर्यंत पुसलेली होती, आणि कॉलेजच्या पायऱ्या चढताना आपण काय करणार हे तिला खरंच माहीत नव्हतं.

मॅडमनी कागद आणि पेन पुढं सरकवलं.

"मॅडम, बाटल्या उघडल्या गेल्यात," अक्षदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "रोज. तिसऱ्या दिवसापासून."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "कुणी उघडल्या?"

"वडिलांनी."

"का?"

ह्या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. "त्यांना वाटलं, आत ती गुदमरतायत."

मॅडम हसल्या नाहीत, ह्याचे उपकार अक्षदा पुढं कितीतरी दिवस विसरली नाही. त्यांनी कागद परत घेतला, त्याची घडी घातली आणि म्हणाल्या, "रोज किती वेळ उघडल्या, काही नोंद आहे?" नव्हती. पाच मिनिटं म्हणजे एका शेतकऱ्याची पाच मिनिटं, तीनही असतील, वीसही. "मग ह्यातलं काहीच वापरता येणार नाही. तुझ्या वर्गातल्या प्रणितला पाठवते मी परिषदेला. त्याचं काम साधं आहे, पण पुरं आहे. तू नवा गाळ आण. नव्यानं मांड. बाटल्या माझ्या केबिनमध्ये ठेव ह्या वेळी."

नव्यानं म्हणजे आणखी दोन महिने. तोवर त्या दोन जागा भरलेल्या असणार. अक्षदा "हो मॅडम" म्हणाली, बाहेर आली आणि नळाखाली तोंड धुतलं. रडू आलं नव्हतं, पण येईलसं वाटत होतं.

दुपारी ती घरी पोचली. गणू तिथंच, ओट्यावर. कमळ आतून म्हणाली, "बघ गो तू तरी. कालपासनं अन्नाचा कण नाय पोटात. विचारलं तर भिंतीकडे बघतो."

अक्षदा त्याच्या शेजारी बसली. येताना वाटेत राग कुठंतरी उतरला होता. बाबांना म्हणायचं होतं, जाऊ द्या, पुन्हा मांडू. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला.

"काल म्हणालीस ते खरं का गो?"

"काय?"

"हवा दिली म्हणून मेले."

"बाबा, मी रागानं—"

"नाय, तू सांग ना." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या, तो त्यांच्याकडे बघत होता. "दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर एक पोरगा व्हता. भावेश. मुरबाडचा, सरळगावच्या बाजूचा. तिशीतला. बोलका व्हता, सारखा म्हणायचा, काका, सुटलो की आमच्याकडं म्हशाच्या जत्रेला या, बैल दाखवतो. एक दिवस त्याची बाटली संपली. ती मोठी, लोखंडाची. दुसरी आणायला माणूस गेला तो येईना. सिस्टर दुसऱ्या टोकाला, तिथं पण तेच चाललेलं. भावेश माझ्याकडं बघून हात करायला लागला. माझ्या तोंडावरच्या मास्ककडं. बोलता येत नव्हतं त्याला. दोन बोटं दाखवली. दोन मिनिट दे, असं."

छातीतली शिट्टी वाजली. ह्या वेळी ती झाकायला त्यानं कुणाला शिवी दिली नाही.

"मी डोळे मिटले," गणू म्हणाला. "झोपलोय असं केलं."

आत कमळच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला होता. ह्या घरात तिलाही ते पहिल्यांदाच ऐकू येत असणार.

"डोळे उघडले तवा त्याची नखं बघितली मी. खाटेवरनं हात खाली लोंबत व्हता. त्याची बायको भेटली मला, सुटलो त्या दिवशी, बाहेर मांडवात. म्हणाली, काका, शेवटी काय बोलले का? मी म्हटलं, मला झोप लागली व्हती. त्या वर्षापासनं मी मुरबाडच्या वाटेला गेलो नाय. तुझी आई म्हणते, चला जत्रेला, तर मी म्हणतो, दम लागतो."

कोंबड्या कुंपणाखालून पलीकडे गेल्या. आता अंगणात बघण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा त्यानं मान वळवून अक्षदाकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसानं डॉक्टरकडे बघावं तसं. पोटातली भूक, रात्रीचं जागरण, सगळं त्या बघण्यात होतं, आणि त्याशिवाय एक आशा होती. तिची मात्र अक्षदाला धडकी भरली.

"म्हंजे असं असतं का?" तो म्हणाला. "मी दिली असती, तरी तो गेलाच असता? हवा देऊन पण जीव जातो?"

चिखलातला जिवाणू वेगळा आणि तिशीतला माणूस वेगळा, हे पहिल्या वर्षाच्या पोरानंही सांगितलं असतं. दोन मिनिटांत काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाटली घेऊन येणारा माणूस तिसऱ्या मिनिटाला पोचलाही असेल. खरं उत्तर एवढंच होतं की माहीत नाही, आणि हे उत्तर घेऊन तो माणूस पाच वर्षं जगत होता. सकाळी एका कागदासमोर तिला जे जमलं होतं, ते इथं तिच्यानं होईना.

"हो, बाबा," अक्षदा म्हणाली. "असतं तसं. गेलाच असता तो."

गणू तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ की तिला वाटलं, आता पकडणार. लहानपणी तिनं चिंचा चोरल्या की तो असाच बघायचा आणि मग तिला खरं सांगावंच लागायचं. ह्या वेळी तिनं नजर हलवली नाही.

"तू शिकलीस," तो शेवटी म्हणाला. "तू म्हणतेस तर तसंच असंल."

मग त्यानं आत हाक मारून कमळला जेवायला वाढायला सांगितलं. पाट मांडल्याचा आवाज आला. गणू खांबाला धरून उठला आणि आत गेला. अक्षदा ओट्यावरच बसून राहिली. त्याच्यासमोर बसून घास गिळायची तिची हिंमत होईना.